पांढरीच्या पोटातलं गाव

रानातून घरी आलात, गुरांची वैरण-पाणी झालं, चुलीवर काहीतरी ठेवून रेडिओ लावलात, असं समजून बोलते. आजच्या गोष्टीत राजा नाही, किल्ला नाही, लढाई नाही. आज घराची गोष्ट आहे. भिंत, चूल, कणगी, पाटा आणि अंगण यांचा इतिहास. आपण रोज ज्यांना हात लावतो, त्याच वस्तूंचा.

आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी दोन शब्द असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे गावठाण, जिथे माणसं राहतात ती जागा. आता गावठाणाच्या मातीला पांढरी का म्हणायचं? एकाच जागी शेकडो वर्षं माणसं राहिली की तिथे चुलीची राख पडते, शेण पडतं, भुसा पडतो, मातीच्या भिंती कोसळतात. त्यांच्यावरच नवी घरं उभी राहतात. थरावर थर चढत जातो आणि माती फिकट, भुरकट होते. नदीच्या काठाला असा उंचवटा दिसला, त्याच्या मातीत खापरं दिसली, की समजायचं, इथे कधीतरी चूल पेटत होती.

अशीच एक पांढर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात आहे, इनामगावजवळ, घोड नदीच्या उजव्या काठावर. पुण्याहून पूर्वेला ऐंशी-नव्वद किलोमीटर. शिरूरला जुने लोक अजून घोडनदीच म्हणतात, तीच ही नदी, पुढे भीमेला मिळणारी. १९६८ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या लोकांनी इथे खणायला सुरुवात केली. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही मंडळी त्यात होती. पंधरा वर्षं, म्हणजे १९८३ पर्यंत, दर हंगामात हे काम चाललं. आणि त्या उंचवट्याच्या पोटातून एक आख्खं गाव बाहेर आलं. १३० च्या वर घरांच्या खुणा, चुली, धान्याची पेवं, कुंभाराची भट्टी, पाण्याचा पाट आणि माणसांची हाडं.

हे गाव वसलं ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमाराला आणि उठलं ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमाराला. म्हणजे आजपासून सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी पहिलं घर बांधलं गेलं आणि तिथून पुढे नऊशे वर्षं वस्ती राहिली. सासूकडून सुनेकडे चूल गेली असं धरलं, तर पस्तीस-छत्तीस वेळा गेली. शिवाजी महाराजांना साडेतीनशे वर्षं झाली. त्याच्या मागे देवगिरीचे यादव, त्याच्या किती तरी मागे सातवाहन. आणि सातवाहनांचं राज्य सुरू झालं तेव्हा हे गाव उठून कित्येक पिढ्या लोटल्या होत्या. लोखंड तेव्हा या गावात वापरात नव्हतं. दगडाची पाती आणि थोडं तांबं, एवढ्यावर संसार. या काळाला म्हणूनच ताम्रपाषाण युग म्हणतात. लिहिणं नव्हतं, म्हणून त्या बायांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांनी काय रांधलं ते ठाऊक आहे.

शेतकऱ्यांच्या आधी आपल्या भागात शिकारी होते, हेही सांगायला हवं. ते हजारो वर्षं फिरत राहिले. कधी खडकाच्या कपारीत, कधी नदीकाठी उघड्यावर, फांद्या-पानांच्या आडोशाला. मध्य प्रदेशात भोपाळजवळ भीमबेटकाला डोंगरातले असे निवारे आहेत, भिंतींवर चित्रं आहेत. ते १९५७ मध्ये डॉ. वि. श्री. वाकणकरांनी जगापुढे आणले. आपल्या महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचा एक तुकडा मिळाला. त्यावर आडव्या-तिरप्या रेघांची जाळीदार नक्षी कोरलेली आहे आणि तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा आहे. अंड्याच्या कवचीचे मणीही तिथे मिळाले. विचार करा, खानदेशात तेव्हा शहामृग हिंडत होते आणि ज्यांच्या डोक्यावर कायमचं छप्पर नव्हतं अशी माणसं मणी घडवत होती. नटण्याची हौस घराच्या आधीची आहे, मैत्रिणींनो.

शिकारी माणूस फिरतो, कारण सावज फिरतं आणि कंदमुळं एका जागी संपतात. पण ज्याने बी पेरलं त्याला थांबावं लागतं. पीक येईपर्यंत राखण करावी लागते. आलेलं पीक साठवावं लागतं. आणि साठवलेलं सोडून जाता येत नाही. घर आलं ते असं, धान्यामागून.

आता इनामगावच्या घरात शिरू. सुरुवातीची घरं चौकोनी, लांबट. आधी जमीन चोपून घट्ट केलेली. भिंत मातीची, पण बुटकी. तिच्यावर कुडाचं काम, म्हणजे लाकडी मेढी रोवायच्या, मध्ये काठ्या-कामट्या विणायच्या आणि वरून मातीचा गिलावा द्यायचा. छप्पर गवताचं. लाकूड तर केव्हाच कुजून गेलं. मग कळलं कसं? मेढीचा खड्डा राहतो ना! लाकूड कुजलं की त्या खड्ड्यातली माती वेगळ्या रंगाची, भुसभुशीत होते. खणणाऱ्याच्या हाताला ती लागते. असे खड्डे ओळीने जोडत गेलं की भिंत कुठून कुठे होती, दार कुठे होतं, सगळं उमगतं. काही घरांत मध्ये आडभिंतही होती, म्हणजे एक माजघर आणि एक बाहेरची खोली, असं आपण म्हणू. कुडाची भिंत तुमच्यापैकी कितीतरी जणींनी माहेरी स्वतः लिंपली असेल. कोकणात, आदिवासी पाड्यांवर आजही लिंपतात. साडेतीन हजार वर्षं टिकलेली ही विद्या आहे, आणि आपण तिला कच्चं घर म्हणतो.

घरात चूल होती. अंगणातही भाजण्यासाठी आगटीचे खड्डे होते, बहुधा मांस भाजायला. आणि चुलीइतकीच महत्त्वाची होती साठवणीची जागा. ती तीन-चार प्रकारची सापडली. एक म्हणजे जमिनीत खणलेलं पेव, आतून चुन्याने लिंपलेलं, म्हणजे ओल लागणार नाही आणि उंदीर पोखरणार नाही. दुसरं, मातीचा गोल ओटा. त्यावर कणगी ठेवत असणार असं अभ्यासक म्हणतात, कारण आपल्या खेड्यांतून अशी कणगी जमिनीपासून उचलून ठेवायची पद्धत त्यांनी पाहिली होती. तिसरं, चार सपाट दगड चार कोपऱ्यांना मांडलेले, त्यावर चार पायांचा मोठा रांजण. बघा, त्यांच्या घरात दागिन्यांपेक्षा जास्त जागा धान्याच्या सोयीने व्यापली होती. बचत गटाचं काम करणारी बाई म्हणून मी हे वाचलं तेव्हा माझी नजर तिथेच थांबली. पेव ही पहिली बचत आहे. सुगीत मूठ काढून ठेवायची आणि चैत्र-वैशाखात उघडायची.

त्यांच्या पेवात होतं काय? मुख्य पीक जव, म्हणजे सातू. गहू होता, मसूर, वाटाणा, कुळीथ होता. बोरं, जांभळं होती, त्यांच्या बिया सापडल्या. आपली ज्वारी-बाजरी तेव्हा ताटात मुख्य नव्हती. मिरची तर नव्हतीच. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा हे सगळं गेल्या चार-पाचशे वर्षांत समुद्रापलीकडून आलेलं. म्हणजे ठेच्याशिवाय जेवणाऱ्या त्या आपल्या पणज्या! सोबतीला गाई-बैल, म्हशी, शेळ्या-मेंढ्या, कुत्री. शिवाय हरणाची शिकार आणि नदीतले मासे. हाडांवर सुरीच्या खुणा आहेत, म्हणून काय कापून खाल्लं तेही कळतं.

दळायचं कशावर? आपलं गोल जातं तेव्हा नव्हतं, ते फार नंतर आलं. त्यांच्याकडे होता लांबट खोलगट दगड आणि हातात धरायचा दुसरा दगड. गुडघे टेकायचे, पुढे झुकायचं आणि वरचा दगड पुढे-मागे सरकवत राहायचं. पाट्या-वरवंट्यासारखं, पण घरच्या पोटापुरतं सगळं पीठ त्यावर. सीरियात अबू हुरेरा नावाची फार जुनी वस्ती आहे, जगातल्या अगदी पहिल्या शेतकऱ्यांपैकी. तिथल्या बायकांच्या सांगाड्यांत पायाची बोटं, गुडघे आणि कंबर झिजलेली आढळली. तासन् तास गुडघ्यावर बसून दळल्याची ती खूण आहे, असं अभ्यासकांनी दाखवलं. म्हणजे शेतीने माणसाला पोटभर दिलं, त्याबरोबर बाईला गुडघेदुखीही दिली. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा आपल्या आज्या का हरखल्या, ते यावरून समजावं.

भांडी मात्र देखणी. लाल रंगाची, काळ्या रंगाने नक्षी काढलेली, भट्टीत इतकी छान भाजलेली की टिचकी मारली तर धातूसारखा नाद यावा. नळीची तोटी असलेली भांडी, मध्ये धारदार कंगोरा असलेले वाडगे. या भांड्यांना जोर्वे भांडी म्हणतात. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. १९५०-५१ मध्ये तिथे पहिल्यांदा खणलं, म्हणून त्या सगळ्या संस्कृतीलाच जोर्वे संस्कृती हे नाव मिळालं. आपल्याकडच्या एका साध्या खेड्याचं नाव जगभरच्या पुस्तकांत आहे, आणि ते मिळवून दिलं मडक्यांनी. ही मडकी बाईने घडवली की गड्याने, ते खापरावरून सांगता येत नाही, म्हणून मीही सांगणार नाही. पण कुंभारणीशिवाय चाक फिरत नाही, माती मळणं-वाळवणं होत नाही, हे आपल्या कुंभारवाड्यात कुणालाही विचारा.

आता जरा गावाचा नकाशा बघू, कारण इथे एक टोचणारी गोष्ट आहे. गावाच्या मधोमध एक पाच खोल्यांचं घर होतं. बाकी घरं एक-दोन खोल्यांची. त्या मोठ्या घराशेजारीच धान्याचं कोठार. हे घर गावच्या प्रमुखाचं असावं असं मानतात. लोक आपल्या पिकाचा वाटा तिथे आणून भरत असावेत आणि अडीनडीला तिथूनच वाटप होत असावं. त्याच्याच अंगणात एका पुरुषाचं दफन मिळालं, मातीच्या मोठ्या चार पायांच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला. दुसऱ्या बाजूला, गावाच्या पश्चिमेच्या कडेला कारागीर. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी घडवणारा, हस्तिदंत कोरणारा. ज्याने सगळ्यांची पेवं चुन्याने लिंपली तो कडेला. ज्याच्याकडे धान्य तो मध्ये. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा हा नकाशा आपल्या गावांशी ताडून पाहिला तर थोडं अवघडल्यासारखं होतं. आपल्याकडचं सगळं काही तिथूनच आलं असं मी म्हणत नाही, मधे फार काळ गेला. पण धान्य साठायला लागलं की ते कोण मोजतं, किल्ली कुणाकडे राहते, हा प्रश्न तेव्हाच जन्माला आला, एवढं नक्की. आपल्या गटात पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि वही तिसरीकडे का ठेवतात, त्याचं उत्तरही यातच आहे.

पण एकत्र केलेली कामंही दिसतात. हा पट्टा पर्जन्यछायेचा. पाऊस बेभरवशाचा, आलाच तर नदीला पूर. या लोकांनी नदीकडून एक पाट खणला होता, शेकडो फूट लांब, चांगला रुंद आणि माणूस बुडेल एवढा खोल. कडेला दगड-मातीचा बांध. पुराचं पाणी वळवायचं, साठवायचं आणि रब्बीला द्यायचं, असा हेतू असावा. गव्हाला हिवाळ्यात पाणी लागतं, ते काय तेव्हाही लागायचंच. लोखंडाचं टिकाव-फावडं नाही. दगड, लाकूड, हाड आणि टोपली एवढ्यावर हा पाट झाला. एका घराचं काम नव्हे. सगळं गाव उतरलं असणार, बायाबापड्या, पोरंसोरं. आपण १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकतो. बायांनी खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या वाहिलेल्या टोपल्यांची फार जुनी बहीण घोड नदीच्या काठी आहे.

देवही होते, किंवा देवी म्हणू. एका घरात जमिनीखाली मातीची एक डबी पुरलेली मिळाली. आत कच्च्या मातीची बाईची छोटी मूर्ती, तिला डोकं नाही. सोबत एक बैल. बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. काडी घातली की बाई बैलावर नीट बसते. आणि डबीच्या झाकणावर आणखी एक बाई, हिला मात्र डोकं आहे. ही कोणती देवी, कशासाठी पुरली, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. कुणी पिकाची देवी म्हणतं, कुणी लेकरांची राखण करणारी. भाजलेली नाही, कच्च्या मातीची आहे, म्हणजे कायम पुजायला नसावी, एखाद्या विधीपुरती केली असावी. आपण पोळ्याला मातीचे बैल करतो, हरतालिकेला वाळूची पिंड करतो आणि विसर्जन करतो. काम झालं की माती मातीत. ही मूर्ती पुरल्यामुळे राहिली, इतकंच.

आता जे सांगणार आहे ते ऐकायला जड आहे. ज्या जणींचं लेकरू गेलं असेल त्यांनी जरा धीराने ऐका. ही माणसं आपल्या मृतांना दूर नेत नव्हती. घराच्या जमिनीखाली, नाहीतर अंगणात पुरत. मोठ्या माणसाला उत्तरेकडे डोकं करून निजवत आणि घोट्याखाली पाय तोडत. मेलेल्याने उठून जाऊ नये, किंवा भूत होऊन फिरू नये म्हणून असेल, असा तर्क आहे. आणि लहान मुलांना? दोन मडकी घ्यायची, आडवी ठेवायची, तोंडाला तोंड लावायचं. आत बाळ, गर्भात असल्यासारखं. सोबत एखादं भांडं, कधी मणी. नेवाशाला अशाच एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आतला दोरा तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिलेला. कुणीतरी तो ओवला होता.

इनामगावला मिळालेल्या दफनांत सगळ्यात जास्त दफनं लहान मुलांची आहेत. म्हणजे त्या घरातली बाई ज्या जमिनीवर दळत होती, रांधत होती, निजत होती, तिच्याखाली तिचंच एखादं मूल होतं. हे क्रूर होतं की मायेचं? मला वाटतं मायेचं. लेकरू घरातच राहू दे, थंडी-वाऱ्यात नको, एवढंच त्या आईला वाटलं असेल. आज आपल्याकडे बाळंतपण दवाखान्यात होतं, लस मिळते, आशाताई दारात येते. तरी ज्या पाड्यांवर कुपोषणाने मुलं जातात तिथल्या आया त्या इनामगावच्या आयांपासून फार लांब नाहीत. तीन हजार वर्षांचं अंतर एका तालुक्यात मावतं.

शेवटची तीनशे वर्षं फार हालाची गेली असं दिसतं. ख्रिस्तपूर्व १००० च्या नंतर घरं बदलली. चौकोनी, ऐसपैस घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, दोन-तीन एकत्र, मध्ये अंगण. बहुधा एकाच कुटुंबाच्या, एक रांधायला, एक निजायला, एक सामानाला. गहू कमी झाला. हरणांची हाडं वाढली, म्हणजे शिकार वाढली. भांड्यांवरची नक्षी साधी झाली. डॉ. ढवळीकरांचं म्हणणं असं की पाऊस घटला, शेती साथ देईना, लोक गुरं घेऊन वर्षातले काही महिने भटकायला लागले. पाऊसच एकटा कारण होता का, यावर सगळ्यांचं एकमत नाही. पण लेकरांची हाडं काहीतरी सांगतात. अमेरिकेच्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी या मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास केला आणि त्यावरचं त्यांचं पुस्तक २०११ मध्ये आलं. त्यांना या नंतरच्या काळातल्या मुलांच्या वाढीवर अपुऱ्या खाण्याचा ताण दिसला. कोठार रिकामं होतं तेव्हा पहिला घास कुणाचा कमी होतो, ते यावरून कळतं. आणि दुसरा कुणाचा, ते तुम्हाला मी सांगायला नको.

ती गोल झोपडी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर कोपी आली. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बहिणी कारखान्याच्या रानात उभी करतात ती कोपी. पाऊस दगा देतो, घराला कुलूप लागतं, म्हातारी माणसं मागे राहतात, आणि नवरा-बायको कोयता घेऊन सहा महिने चार काठ्यांच्या आडोशाला संसार मांडतात. चौकोनी घराकडून गोल झोपडीकडे जाणारी वाट फक्त जुन्या काळातली नाही. फरक एवढाच की इनामगावच्या लोकांना पुढच्या वर्षी पाऊस कसा असेल हे कुणी सांगत नव्हतं, कर्ज कुणी देत नव्हतं आणि उचलही कुणी देत नव्हतं. आपल्याला उचल मिळते आणि तीच गळ्याशी येते. म्हणून म्हणते, गटाची बचत हा कागदावरचा आकडा समजू नका. ते चुन्याने लिंपलेलं पेव आहे. त्याला भोक पडू द्यायचं नाही. आणि त्यातला वाटा आधी कुणाच्या घरात जायचा, हे मधल्या पाच खोल्यांच्या घराने नाही, आपण सगळ्यांनी बसून ठरवायचं.

आता कामाचं बोलते. अशा पांढरी फक्त इनामगावला नाहीत. गोदावरी, प्रवरा, भीमा, तापी यांच्या काठाने त्या जागोजागी आहेत. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुडख्याशी खणताना धातूचा रथ, गेंडा, हत्ती आणि म्हैस मिळाली. चारही मिळून साठ किलोहून जास्त वजन. मोडीत विकली गेली असती तर आज कुणाला ठाऊकही नसतं. ती आज देशाचा ठेवा आहेत.

पण पांढर टिकते कुठे? ही माती भुसभुशीत आणि खताची, म्हणून लोक रानात टाकायला नेतात. पूर्वी गाडीने नेत, धाब्याच्या घरावरही घालत. बैलगाडीने एक कोपरा खायला दहा वर्षं लागायची. आता जेसीबी लागतो. गटाच्या कामाने फिरताना मी नदीकाठची एक पांढर पाहिली आहे, निम्मी कापून नेलेली. कापलेल्या कड्यात राखेचे पट्टे एकावर एक स्वच्छ दिसत होते, आणि मधूनच एका मडक्याचा काठ डोकावत होता. खाली ट्रॉली उभी होती. त्या मडक्यात काय होतं ते आता कधीच कळणार नाही.

तर तुमच्या गावाच्या कडेला असा उंचवटा असेल तर तीन गोष्टी करा. एक, तिथे खापरं, मणी, दगडाची बारीक पाती दिसली तर उकरू नका. वस्तू जागेवरून हलली की अर्धी मुकी होते, कारण ती कोणत्या थरात होती यावरूनच तिचं वय कळतं. दुसरी, मोठी वस्तू किंवा नाणी निघाली तर तहसील कचेरीत कळवा. १८७८ पासून कायदा आहे, जमिनीत सापडलेला जुना ठेवा दडवणं गुन्हा आहे, आणि रीतसर कळवणाऱ्याचा हक्क त्या कायद्यात धरलेला आहे. तिसरी, ग्रामसभेत विषय मांडा. रस्त्याचा, पाण्याचा विषय आपण मांडतोच. तसाच पांढरीचाही मांडा आणि तिथली माती उचलायची नाही असा ठराव करून घ्या. गावात सत्तर-ऐंशी वर्षांची म्हातारी असेल तर तिला त्या जागेचं नाव विचारा, तिथे काय होतं म्हणतात ते विचारा, आणि वहीत लिहून ठेवा. गटाच्या वहीत शेवटची चार पानं कोरीच असतात.

शाळेच्या पुस्तकात इतिहास म्हटलं की तलवार येते. पण खणून पाहिलं तर जमिनीतून तलवारी कमी आणि चुलीच जास्त निघतात. त्या चुलींपाशी बसलेल्या बायांनी दुष्काळ पाहिले, पोरं पुरली, पाट खणले आणि पुन्हा मडकं उतरंडीला लावलं. त्यांचं कुठे लिहिलेलं नाही. मातीने मात्र जपून ठेवलंय. ती माती उचलून न्यायची की राखायची, हे आता आपल्या हातात आहे.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या गावच्या पांढरीबद्दल कुणाला काही ठाऊक असेल तर पुढच्या गट बैठकीत सांगा. आपण ते रेडिओवर ऐकवू, तुमच्याच आवाजात. येते मी. चुलीवरचं बघा, लागेल खाली.